करंटवर पैसे गेले म्हणणाऱ्या चोपड्याच्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फिजिओथेरपीत कातडीवर पॅड चिकटवून मशीनने विजेचा करंट देतात, त्यावर गेल्या महिन्यात मी 'करंटने माझा पाय परत दिला' असा लेख लिहिला होता. त्यावर भाऊंनी लिहिलं की त्यांच्या गाडीला ट्रकने मागून ठोकलं, वहिनींच्या मानेला जोरात झटका बसला, 24 दिवस मानेला करंट लावला, रोजचे 300 रुपये गेले आणि मान होती तिथेच आहे. 'करंट हे थोतांड आहे आणि तुमच्यासारखे लोक असं लिहितात म्हणून आम्ही फसतो,' हे त्यांचं शेवटचं वाक्य.

भाऊ, 7200 रुपये ही लहान रक्कम नाही. तुमचा राग रास्त आहे आणि मथळा माझाच चुकला. पण थोतांड हा शब्द मला मान्य नाही. वहिनींची मान आणि माझा गुडघा ही दुखणी वेगळी आहेत, आणि दोघींना लावलेला करंटही बहुधा वेगळाच असणार.

माझा अपघात पारोळा आणि एरंडोलच्या मधला. रात्रीची वेळ, पुढे कापसाची ट्रॉली, तिला मागे लाल दिवा नाही. गुडघा डॅशबोर्डवर आदळला आणि वाटीचे दोन तुकडे झाले. ऑपरेशन करून वाटी तारेने बांधली, मग सहा आठवडे पाय सरळ ठेवणारा लांब पट्टा. पट्टा निघाला तेव्हा माझी मांडी बघून आईने तोंड फिरवलं. शिंप्याच्या टेपने मोजली तर दुसऱ्या मांडीपेक्षा साडेचार सेंटिमीटरने कमी भरली. त्याहून भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी सगळा जीव लावून मांडी आवळायचे आणि ती हलायचीच नाही, जणू पाय दुसऱ्या कुणाचा आहे.

असं का होतं ते नंतर समजलं. गुडघ्याला मार लागून सूज आली की तिथून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूला दाबून धरतात. नस शाबूत असते, स्नायू जिवंत असतो, पण वरचा हुकूम त्याच्यापर्यंत पुरता पोचत नाही. मग व्यायाम कर म्हटलं तरी करणार कशाने? इथे करंट कामाला येतो. तो त्वचेवरून थेट स्नायूच्या नसेला चेतवतो आणि स्नायू आवळायला लावतो.

आणि भाऊ, मीही आधी तुमच्यासारखीच फिरून आले. पहिल्या ठिकाणी एक मुलगा यायचा, पॅड चिकटवायचा, बटण फिरवायचा आणि निघून जायचा. मुंग्या आल्यासारखं वाटायचं, बस. पंधरा दिवसांत टेपवर काही फरक नाही.

दुसऱ्या ठिकाणी फिजिओ मॅडम शेजारी स्टूल घेऊन बसल्या. मे महिना, बाहेर 44 अंश, घामाने पॅड सुटत होते. त्यांनी आधी मांडी धुऊन कोरडी केली. मग बटण हळूहळू वाढवत नेलं, मी ओठ आवळेपर्यंत. एका क्षणी कातडीखाली मासोळी उसळावी तशी मांडी उसळली आणि वाटी वर सरकली. दोन महिन्यांत पहिल्यांदा! मॅडम म्हणाल्या, "ताई, मशीन ओढेल तेव्हा तुम्ही पण ओढा." दहा सेकंद आवळणं, पन्नास सेकंद विसावा, असं पंधरा वेळा. मशीन काढलं की लगेच गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायची, पाय सरळ उचलायचा. तिसऱ्या आठवड्यात मशीन न लावता मांडी आवळता आली. त्यानंतरचे चार महिने व्यायामाचेच होते, आणि ते मी माझ्या लेखात दोन ओळींत उरकले. चूक झाली ती तिथे.

अमेरिकेत फिजिओथेरपीच्या संशोधक लिन स्नायडर-मॅकलर आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या 110 जणांवर हेच तपासलं होतं. जोरदार करंट आणि व्यायाम दोन्ही मिळालेल्यांची मांडी नुसत्या व्यायामवाल्यांपेक्षा जास्त सावरली. हलका करंट लावलेल्यांना तसा फायदा दिसला नाही. माझे पहिले पंधरा दिवस का वाया गेले ते यात आलं.

आता वहिनींची मान. मानेला बहुतेक वेळा लावतात तो स्नायू आवळणारा नाही, तर वेदना कमी करणारा करंट; टेन्स आणि आयएफटी हे त्याचेच दोन प्रकार. त्यामागचा एक विचार 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडला: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूच्या दारातच दुखण्याच्या संदेशांना अडवतात. त्याने तासाभराचा आराम मिळू शकतो. मान बरी करायचं काम मात्र त्याचं नाही. अशा झटक्यानंतर, हाड मोडलेलं नाही याची खात्री झाली की, मान हळूहळू फिरवत राहणं, खांद्यांचे व्यायाम आणि मानेच्या पट्ट्यातून लवकर सुटका यांचाच उपयोग जास्त होतो. चोवीस दिवसांत वहिनींना एक तरी व्यायाम शिकवला का? तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही. शिकवला नसेल तर तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

वहिनींच्या हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, चालताना तोल जात असेल, तर फिजिओच्याही आधी हाडांच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, आजच.

एक गोष्ट त्या लेखात राहून गेली होती, ती इथे लिहिते. कुणी ऑनलाईन मशीन मागवून घरी पॅड लावू नका. पेसमेकर असेल, पोटरीत रक्ताची गाठ असेल, कातडी बधिर असेल तर धोका आहे, आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला तर पॅड कुणीच लावायचे नाहीत. माझ्याही बाबतीत वाटी जुळल्याचा एक्स-रे बघून डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच जोराचा करंट दिला. स्नायू तारेने बांधलेल्या वाटीलाच ओढणार होता ना!

लेखाचा मथळा आज बदलला आहे: 'करंट, आणि मग चार महिने व्यायाम'. तुमची प्रतिक्रिया त्याच्या अगदी वर ठेवली आहे, म्हणजे पुढचा माणूस आधी ती वाचेल. वहिनींची मान दोन्ही बाजूंना कितपत वळते ते मला जरूर कळवा, भाऊ.