रिकाम्या ट्रॅकवरून काढलेला चुकीचा निष्कर्ष

पुणे महापालिकेची निवडणूक 15 जानेवारी 2026 ला झाली. जवळपास चार वर्षांचा प्रशासकाचा कारभार संपून सभागृह पुन्हा भरलं. सायकल मार्गांचा विषय निघाला की सोसायट्यांच्या ग्रुपवर तेच जुनं म्हणणं फिरतं. ट्रॅक करून झाले, त्यावर सायकल दिसत नाही, म्हणजे पुणेकरांना ते नकोच आहेत. रस्त्यात जागा नाही. इथल्या उन्हापावसात कोण सायकल चालवणार? आणि नगरसेवकाच्या हातात तसंही काही नसतं. यातला पहिला मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

ट्रॅक रिकामे आहेत हे खरं. पण 2006 नंतर बीआरटी मार्गांच्या, म्हणजे बससाठी राखीव लेन असलेल्या रस्त्यांच्या, कडेने जे बांधलं गेलं, त्यातल्या बहुतेक ठिकाणी सलग अर्धा किलोमीटरसुद्धा सायकल चालवता येत नाही. वाटेत महावितरणचा फीडर पिलर, म्हणजे विजेची पेटी, येते, मग झाड, मग बसथांब्याची मागची बाजू, आणि चौक आला की ट्रॅक संपतोच. सायकलवाल्याला सगळ्यात जास्त धोका चौकात असतो आणि नेमकं तिथंच त्याला वाऱ्यावर सोडलेलं असतं. अर्धाच पूल बांधायचा आणि त्यावरून कोणी जात नाही म्हणून नदी ओलांडायची कोणाला गरजच नाही असं ठरवायचं, तसलाच हा हिशेब आहे.

सोसायटीच्या एका फाटकासमोर उभं राहून पाहा. ट्रॅक पदपथाच्या उंचीवर, म्हणजे साधारण 15 सेंटीमीटर वर असतो. गाडी आत जावी म्हणून फाटकापाशी तो खाली उतरवलेला असतो आणि पलीकडे पुन्हा चढवलेला. 1:12 उतार धरला तर 15 सेंटीमीटरसाठी 1.8 मीटर लांबीचा रॅम्प लागतो. प्रत्यक्षात तो अर्ध्या मीटरात उरकतात, म्हणून प्रत्येक फाटकाला सायकल दणका खाते. किलोमीटरभरात वीस फाटकं असली तर चाळीस दणके! योग्य पद्धत याच्या उलट आहे. ट्रॅक एकाच पातळीत सलग न्यायचा आणि चढ-उतार गाडीला द्यायचा. त्याने गाडीचा वेगही फाटकापाशी आपोआप कमी होतो.

पृष्ठभागाचं तेच. पेव्हर ब्लॉक बसवून दिसायला छान दिसतात, पण केबलसाठी खोदाई झाली की खालचा भराव नीट न दाबता तेच ब्लॉक परत ठेवले जातात आणि पहिल्या पावसात खचतात. त्यावर बारीक टायरची सायकल चालवणं म्हणजे मनगटांना शिक्षा. डांबर किंवा सलग काँक्रीट हवं. पावसाळी चेंबरच्या जाळीचे गज प्रवासाच्या दिशेला आडवे हवेत. ते उभे असले की पुढचं चाक दोन गजांमध्ये अडकतं आणि माणूस थेट हँडलवरून पुढे फेकला जातो. जाळी नव्वद अंशांत फिरवून बसवायला वेगळा खर्च लागत नाही, तरी ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

दुचाक्या घुसतात म्हणून खांब ठोकतात, त्याचाही उपयोग होत नाही. सायकलचं हँडल साधारण 60 सेंटीमीटर रुंद असतं, स्कूटरचं 70 च्या आसपास. स्कूटर अडेल इतकी अरुंद फट ठेवली की मागे कॅन बांधलेला दूधवालाही अडतो. खांबांमध्ये किमान 1.2 मीटर अंतर ठेवावं आणि दुचाक्यांच्या पार्किंगची जागा ट्रॅकच्या बाहेर आखून द्यावी. कारवाई त्यानंतर.

जागा नसल्याचं म्हणणं मोजपट्टी घेऊन तपासता येतं. 24 मीटरचा रस्ता घ्या. दोन्हीकडे दोन-दोन मीटरचा पदपथ, दोन-दोन मीटरचा सायकल मार्ग, एक-एक मीटरची पट्टी झाडं आणि विजेच्या खांबांसाठी, मध्ये एक मीटरचा दुभाजक, आणि वाहनांसाठी 3.25 मीटरच्या चार लेन. बेरीज बरोबर 24 येते. या बेरजेत बसत नाही ते फक्त रस्त्याकडेला फुकट उभी राहणारी चारचाकी. ती दोन मीटरहून जास्त जागा खाते, म्हणजे एक अख्खा सायकल मार्ग. पेठांतल्या अरुंद रस्त्यांवर वेगळा ट्रॅक मागायचाच नाही. तिथं वाहनांचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या आत ठेवला की पुरतं.

हवेचा मुद्दा थोडक्यात. स्पेनमधल्या सेव्हियात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तिथं 2003 च्या स्थानिक निवडणुकीनंतर डाव्या आघाडीने सायकल मार्ग हाती घेतले आणि 2006 नंतरच्या थोड्याच काळात सुमारे 80 किलोमीटरचं एकमेकांना जोडलेलं जाळं उभं केलं. सायकलींची संख्या कित्येक पटींनी वाढली. 2011 मध्ये सत्ता बदलली आणि कामाचा जोर ओसरला. ऊन दोन्ही वेळा तेवढंच होतं. आणि पुण्यात सायकली नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी पहाटे साडेपाच ते आठ या वेळेत हमरस्त्यावर उभं राहावं. पेपर टाकणारी मुलं, रात्रपाळी संपवून परतणारे सुरक्षारक्षक, कामावर निघालेले मजूर दिसतील. ते ग्रुपवर लिहीत नाहीत, एवढाच फरक.

नगरसेवकाच्या हातात काही नसतं, हा यातला सर्वांत नुकसान करणारा समज. पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा डिसेंबर 2017 मध्ये मंजूर केला तो मुख्य सभेने, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांनीच. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, पण 16 सदस्यांची स्थायी समिती त्यात बदल करते आणि अंतिम मंजुरी मुख्य सभा देते. प्रभागातली छोटी कामं ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांसाठीच्या तरतुदीतून, होतात. आणखी एक शब्द लक्षात ठेवावा, तो म्हणजे वर्गीकरण. एका कामासाठी ठेवलेली रक्कम वर्ष संपता संपता दुसऱ्या कामाकडे वळवायची असेल तर तसा प्रस्ताव येतो आणि त्यावर हात वर करतात ते नगरसेवकच.

म्हणून नुसता ‘सायकल ट्रॅक करा’ असा अर्ज देऊ नये. त्याला ‘पाहतो’ एवढंच उत्तर मिळतं. प्रभागातला शाळेपासून बाजारापर्यंतचा दोन किलोमीटरचा एकच रस्ता निवडावा. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात दर पंधरा मिनिटांनी सायकली मोजाव्यात, बायका आणि शाळकरी मुलं वेगळी. अडथळ्यांची यादी करून प्रत्येकापुढे तो कोणाचा आहे ते लिहावं: फीडर पिलर महावितरणचा, बसथांबा शहर बससेवा चालवणाऱ्या पीएमपीचा, पार्किंगची अधिसूचना वाहतूक पोलिसांची, चेंबर आणि डांबर महापालिकेचं. हा कागद प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना एकाच दिवशी द्यावा आणि क्षेत्रीय कार्यालयातून पोच घ्यावी. काम निघालं की पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) आणि आराखडा माहिती अधिकारात मागावा. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. आराखडा हाती आला की सगळ्यात आधी चौकांचं पान उघडावं. तिथं ट्रॅकची रेषा तुटलेली दिसली तर कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश, निघण्याआधीच लेखी हरकत घ्यावी, कारण काँक्रीट पडल्यावर ती रेषा कोणीही जोडून देत नाही.