झेनचा टप कापायचा का नाय

काल रात्री राजवाड्यापाशी आमचा नेहमीचा कट्टा भरला आणि विषय निघाला पक्याच्या झेनचा. 2004 ची मारुती झेन, वडलांनी घेतलेली, एमएच 11, अजून चालू आहे आणि पक्याचा तिच्यावर इतका जीव की पावसात स्वतः भिजंल पण गाडीला कव्हर घालून येईल. तर आता साहेबांच्या डोक्यात असं आलंय की टप मधनं कापायचा आणि तिथं कापडाचं सरकतं सनरूफ बसवायचं. काचेचं नाही हं, कापडाचं, जे पेटीच्या भात्यासारखं घड्या पडत मागं जातं.

बंड्या म्हणला, "लका, त्यापेक्षा रिक्षा घे की, हूड लावूनच येती."

पण पक्याचं म्हणणं अगदीच बिनडोक नव्हतं हे कबूल करायला पाहिजे. काचेच्या सनरूफला काच आत सरकायला छतात जागा लागते, त्याचे रूळ आणि ट्रे खाली येतात, झेनसारख्या बुटक्या गाडीत उंच माणसाचं डोकं टेकणार. कापड वरच्या वर घडी होऊन बसतं, काचेपेक्षा हलकं, मोटर नसली तरी चालतं, कडी काढून हातानं मागं ढकललं की झालं, आणि उघडलं की अर्धा टप मोकळा. "यवतेश्वरचा घाट, धुकं, वरनं उघडी गाडी, कासपर्यंत. बोला आता."

डॉक्टर (हा जनावरांचा डॉक्टर, पण गाड्यांचं याला सगळं पाठ) म्हणला की अरे ही कल्पना कुठनं आली ते तरी बघ. सिट्रोएननं 1948 ला पॅरिसच्या प्रदर्शनात टू सीव्ही दाखवली, तिच्यावर गुंडाळायचं कापड होतं, शेतकऱ्याला उंच सामान उभं नेता यावं म्हणून. 1957 ची फियाट 500, इंजिन 479 सीसीचं, तिलाही वर कापडच, पत्रा वाचतो, वजन वाचतं. "त्यांनी पत्रा वाचवायला कापड लावलं, आणि तू असलेला पत्रा कापून कापड लावणार." यावर पक्या पण हसला.

मी म्हणलं बाबा वर्षातनं उघडणार किती दिवस ते मोज. मार्च ते मे ऊन असं की आपण गाडी लावायला सावलीचं झाड शोधत फिरतो, जून ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबरला परत चटका, राहिली थंडी, तेव्हा सकाळी कुडकुडत कोण उघडणार आणि दुपारी हायवेची धूळ. ज्या देशात ऊन दिसलं की लोक अंगणात खुर्ची टाकतात तिथलं हे खूळ आहे, आपल्याकडं गाडी घेतल्या घेतल्या माणूस काचेला पडदे बघतो. आणि कासला धुकं असतं तेव्हा पाऊसही असतोच की. पक्या म्हणला वीस दिवस मिळाले तरी बास. आता याला काय बोलणार.

मग आबांना विचारलं. आबा तीस वर्षं रिक्षा चालवतात, कापडाच्या टपाबद्दल कट्ट्यावर त्यांच्याएवढं कुणालाच कळत नाही. ते म्हणले, "कापड मधी फाटत न्हाय, घडीवर फाटतंय. उन्हानं कडक हुतंय आन रोज जितं दुमडतंय तितं चीर. पावसाळ्यात वलं दुमडून ठिवलं की बुरशी. आन कुणी बिलेड मारलं तर टेपबी गेला आन बॅटरीबी." माकडांचं राहिलंच. महाबळेश्वरला वायपर उपटतात, कापड सोडतील?

सल्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे आणि काम त्यालाच मिळणार होतं, तरी तोच सगळ्यात जास्त विरोधात. त्याचं म्हणणं, टपाचा पत्रा एक मिलिमीटर पण नसतो, त्याला ताठ ठेवतात त्या आतल्या आडव्या पट्ट्या, त्यातली एक कापल्याशिवाय एवढं भोक पडत नाही. म्हणजे फ्रेमनं ती ताकद परत द्यायला पाहिजे, नुसतं सिलिकॉन फासून चालत नाही. ग्राइंडर मारला की कडेचा रंग जळतो, तिथनं गंज. झेनचा टप गोलवा असलेला, सपाट फ्रेम ठेवली की कोपऱ्यात फट. "आन एक ध्येनात ठेव, सनरूफ पाणी थांबवत न्हाय, आलेल्या पाण्याला वाट देतं. काचेवाल्याला कोपऱ्यात नळ्या असत्यात, खांबातनं खाली जात्यात, त्यात पानं अडकली की पाणी तुझ्या पायाशी. हितं तर नळ्याच न्हाईत."

विन्या इतका वेळ भेळ खात होता. हा आरटीओचा एजंट. त्यानं पुडी चुरगाळली आणि म्हणला, मोटार वाहन कायद्याचं कलम 52, कंपनीनं दिलेल्या गाडीत आरसीशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 ला तेच सांगितलंय, वर त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं एकेका बदलाला 5000 दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत आत. पक्या उसळला, मग लोक सीएनजी बसवतात ते? तर म्हणे ते किट मंजूर असतं आणि आरसीवर चढवतात, तुझ्या भात्याला कोण मंजुरी देणार. तुझं रिपासिंग 2019 ला झालं, 2024 ला झालं, 2029 ला गाडी परत उभी राहणार, साहेब वर बघणार आणि त्याला आभाळ दिसणार. इन्शुरन्सवाल्याला न सांगता केलं आणि उद्या ठोकली तर क्लेमला तो तेवढंच कारण धरून बसंल.

एवढं झाल्यावर पक्या गप्प. आम्हाला वाटलं पटलं. बंड्यानं चहा सांगितला, सल्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हणला त्या पैशात इंजिनचं काम करून देतो, गाडी अजून दहा वर्षं पळंल.

मग पक्या हळूच म्हणला, "फ्रेम आणलीय रं. कुर्ल्याच्या भंगारातनं. दोन महिने झाले."

"कुठाय?"

"माळ्यावर होती. आता गच्चीवर आहे, आईनं कुरडया घातल्यात तिच्यावर. म्हणती ताण लई भारी बसतोय, खाली अजिबात लोंबत न्हाय."

सल्या एवढा वेळ नाही म्हणत होता, त्यानं चहा खाली ठेवला आणि विचारलं, "रुंदी किती आहे?"