त्या २७ क्रॅपींचं काय झालं

गेल्या ऑक्टोबरातल्या माझ्या क्रॅपीच्या (इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या, तलावांतला एक छोटा चपटा मासा) पोस्टवर परवा एका वाचकांनी लांबलचक कमेंट टाकलीय, नाव दिलं नाहीये, नुसतं ‘समुद्राकाठचा’ एवढंच. खाली उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं वाढलं की शेवटी वेगळंच टाकते. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते, त्यांचं म्हणणं असं की मी एका संध्याकाळी ३७ क्रॅपी पकडल्या, १० घरी नेल्या आणि २७ ‘प्रेमाने परत पाण्यात सोडल्या’ असं लिहिलं हे शुद्ध ढोंग आहे, पोटासाठी मासा मारणारा कोळी परवडला पण गंमत म्हणून माशाच्या तोंडात गळ अडकवून पुन्हा सोडायचा ही गोऱ्यांची नक्कल. मग चौदा फुटी पत्र्याच्या डबड्यात बसून मोठ्या पाण्यात जाता, फोटोत अंगात लाइफ जॅकेट नाही, लोकांना काय शिकवताय. मग म्हणे सरकार वॉलायची (इथल्या तलावांतला दुसरा, मोठा मासा) पिल्लं सोडतंच की, मग एक मोठी मादी सोडून पुण्य कमावल्याचा आव कशाला. आणि जाता जाता टोला, गोड्या पाण्यातल्या माशाला चव ती काय.

तर दादा (भाषेवरून दादा वाटलात, ताई असाल तर माफ करा), आधी ते २७ चं बघू. तुमचं बरोबर आहे. तुम्ही दिलेलं कारण मला पटलेलं नाही, पण माझं वाक्य चुकीचं होतं, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त चुकीचं होतं.

त्या दिवशी क्रॅपी ३० फुटांवर होत्या. आत्ता मे महिन्यात पाणी जरा कोमट झालं की त्या काठाजवळ लव्हाळ्यात तीन-चार फुटांत येतात, नर तळाला घरटं करून राखण करत बसतो, तेव्हा फ्लोट लावून शाळेतलं पोरगंसुद्धा पकडेल. पण ऑक्टोबरात सगळा थवा तलावाच्या खोल भागात जाऊन मधल्यामधे तरंगत उभा असतो, मासे शोधायच्या मशिनच्या स्क्रीनवर नुसता ढग दिसतो. एकदा ढग सापडला की आमिष त्यांच्या जरा वर धरायचं, कारण क्रॅपी वर बघून खाते, खालून गेलेल्या मिनोकडे (आमिषाच्या बारक्या माशाकडे) ढुंकून बघत नाही. ओढायचंही सावकाश, तोंडाची कातडी कागदासारखी असते, हिसका दिला की फाटून मासा गायब, इथे तिला पेपरमाउथच म्हणतात. हे सगळं जमलं की मग एकामागून एक लागतच राहतात आणि माणसाला थांबवत नाही, मलाही थांबवलं नाही.

आता माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर तो हव्या त्या खोलीवर तरंगतो. आपल्याकडच्या रोहू-कटल्याच्या पिशवीतून घशाकडे जाणारी नळी असते, जास्त झालेली हवा तो तोंडावाटे सोडून देतो. क्रॅपीला आणि वॉलायला ती नळीच नसते, हवा रक्तात जिरवावी लागते आणि त्याला वेळ लागतो, तासांचा वेळ. ३० फुटांवर दाब वरच्या जवळपास दुप्पट, आणि आपण तिला पंधरा-वीस सेकंदांत वर आणतो. पिशवी फुगते, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, कधी कधी जठर तोंडातून बाहेर येतं. अशी क्रॅपी कितीही ‘प्रेमाने’ सोडली तरी खाली जाऊ शकत नाही, आडवी होऊन तरंगत राहते. आणि जी शेपटी मारून खाली गेली म्हणून आपण खूश होतो ती जगतेच असंही नाही.

मी हे बघितलं होतं हो. त्या संध्याकाळी तीन-चार पांढरी पोटं बोटीमागे तरंगताना दिसली होती, पाइनच्या शेंड्यावरून पांढऱ्या डोक्याचा गरुड आला आणि त्यातली एक उचलून घेऊन गेला, मी त्याचा व्हिडिओ काढला, घरी सगळ्यांना दाखवला, वा वा झाली. गरुडाला ताट मीच वाढलं होतं हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. नंतर थंडीत शेजारच्या आजोबांना कौतुकाने तोच व्हिडिओ दाखवला, त्यांचं आख्खं आयुष्य ह्याच तलावांवर गेलंय, त्यांनी बघितला, फोन परत दिला आणि एवढंच विचारलं, दहा झाल्यावर का नाही थांबलीस.

नियमाच्या हिशोबात मी चोख होते बरं का. मिनेसोटात बहुतेक तलावांवर क्रॅपीची मर्यादा १०, मी १० ठेवल्या, लायसन होतं, काय चुकलं? चुकलं ते हेच की नियम ठेवलेल्या मोजतो, मेलेल्या मोजत नाही. मील लॅक्स नावाच्या इथल्या मोठ्या तलावावर मात्र मोजतात. तिथे वॉलाय इतके घटले की २०१६ चा सीझन फक्त पकडा आणि सोडा असा केला, एकही घरी न्यायचा नाही, आणि तरीही सोडलेल्यांपैकी किती मरत असतील त्याचा अंदाज काढून तो राज्याच्या कोट्यातून वजा व्हायचा. पाणी तापलं की सोडलेले जास्त मरतात, म्हणून २०१७ च्या जुलैत तर काही आठवडे वॉलाय पकडून सोडायलाही बंदी होती. तेव्हा लोकांनी केवढा आरडाओरडा केला, रिसॉर्टवाल्यांचं नुकसानही झालं, पण हिशोब म्हणून मला तो आता जास्त खरा वाटतो.

तेव्हा माझं आता असं आहे, खोल पाण्यात क्रॅपी लागल्या तर जी येईल ती ठेवायची, लहान असो मोठी असो, घरी लागतील तेवढ्या झाल्या की गळ गुंडाळायचा आणि थर्मासमधला चहा प्यायचा. सोडून द्यायची हौस असेल तर उथळ पाण्यात जायचं.

आता वॉलायवर येते, इथे मात्र मी माघार घेणार नाही. ती २६ इंची मादी मेमधली होती, सीझन उघडल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली, आठ फूट पाणी, अजून हात बधिर होतील एवढं गार, दिवे लागायची वेळ, गळ ओठाच्या कडेला लागलेला. चिमट्याने गळ काढला, पाण्यातच धरली, फोटोपुरती वर घेतली आणि गेली ती सरळ खाली. वॉलायच्या डोळ्यामागे चमकणारा थर असतो, मांजराचे डोळे गाडीच्या उजेडात चमकतात ना तसा, त्यामुळे कमी उजेडात तिला बाकीच्या माशांपेक्षा बरं दिसतं आणि म्हणून ती सांजेला नाहीतर वाऱ्याने पाणी फेसाळलं की उथळात खायला येते. म्हणजे इथे पिशवी फुगायचा प्रश्नच नव्हता. तीस फुटांवरची क्रॅपी आणि आठ फुटांवरची वॉलाय ह्या दोघींना तुम्ही एकाच टोपलीत टाकलंत, खरं तर आधी मीच टाकलं होतं.

आणि मोठी मादी का सोडायची? अशी एक मादी एका वेळेला लाखाच्या वर अंडी टाकते. नियमही २० इंचांवरची एकच ठेवू देतो. शिवाय मोठ्या, वयस्क वॉलायमध्ये पारा जास्त साठलेला असतो, इथलं आरोग्य खातं लहान मुलं आणि गरोदर बायकांना त्याबद्दल सावध करतं, माझ्या घरी पाच वर्षांचं पोरगं आहे. आम्ही सोळा-सोळा इंचांच्या दोन नेल्या, पोटभर झाल्या. ह्यात पुण्य वगैरे काही नाही.

‘सरकार पिल्लं सोडतंच’ ह्याचं उत्तर म्हणजे रेड लेक. उत्तरेला आहे, प्रचंड मोठा, बराचसा रेड लेकच्या ओजिब्वे ह्या मूळ रहिवासी लोकांचा, वरच्या तलावाचा पूर्वेकडचा भाग राज्याचा. जाळ्यांनी आणि गळांनी, दोन्ही बाजूंनी इतके वॉलाय काढले की नव्वदच्या दशकात तलाव संपला. ओजिब्वेंनी १९९७ मध्ये आपणहून व्यापारी मासेमारी थांबवली, १९९९ पासून राज्यानेही आपल्या बाजूला वॉलाय बंद केले, पिल्लं सोडली, आणि २००६ मध्ये पुन्हा उघडलं. पिल्लं सोडली म्हणून भागलं हे अर्धंच खरं, सात वर्षं कोणी वॉलाय काढला नाही हेही त्यातच आलं. गंमत म्हणजे वॉलाय नव्हते त्या काळात तिथे क्रॅपी अशा माजल्या की लोक शेकडो मैलांवरून बर्फावर बसायला यायचे, वॉलाय परतले तसा तो बहर ओसरला. क्रॅपीवाले अजून त्या दिवसांची आठवण काढून उसासे टाकतात.

बोटीचं. डबडं म्हणालात त्याचा राग नाही, आहेच ते डबडं, सेकंडहँड, अॅल्युमिनियमचं, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन. पण त्यात मी मील लॅक्सवर कधीच गेले नाहीये, तो तलाव पाचशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला आणि खोली मात्र ४२ फुटांच्या आसपास, वारा सुटला की अर्ध्या तासात आखूड, उभ्या लाटा उठतात, तिथे आजोबांच्या मोठ्या बोटीत जाते. माझं डबडं फिरतं ते घराजवळच्या छोट्या तलावावर, ज्याचं नाव मी सांगणार नाही, क्रॅपीची जागा सख्ख्या भावाला सांगत नाहीत. जॅकेटचं मात्र कबूल, फोटो धक्क्यावर बांधलेल्या बोटीतला असला तरी बघणाऱ्याला काय कळणार. कायद्याने दहा वर्षांखालच्या मुलाला चालत्या बोटीत ते घालावंच लागतं, मोठ्यांना नुसतं बोटीत असलं तरी चालतं, पण अशा गार पाण्यात पडलं तर पहिल्या मिनिटातच श्वास अडकतो, तेव्हा सीटखालचं जॅकेट शोधत कोण बसणार. आम्ही घालतो. (आणि एकदा माझ्या बोटीत पाणी शिरलं होतं तेही लाटेने नाही. एका तलावातले झेब्रा शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून रस्त्यावर बोटीचं बूच काढून ठेवायचा नियम आहे, ते परत लावायला विसरले. अख्ख्या धक्क्यासमोर.)

नक्कल म्हणालात ते मात्र लागलं. गळ टाकून बसायला मी इथे नाही शिकले. माझं आजोळ भिगवणकडचं, मामा उजनीच्या काठाला बांबूची काठी आणि डब्यात गांडुळं घेऊन बसायचे, दुपारभर बसून चार चिलापी यायच्या, तेवढ्यावर आठ माणसांचं कालवण व्हायचं, म्हणजे रस्साच जास्त. इथे तीच गांडुळं पेट्रोलपंपावरच्या दुकानात दुधाशेजारी फ्रिजमध्ये डझनाने विकतात, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मामांना फोन करून सांगितलं, त्यांना अजून खरं वाटत नाही. मामांनी कधी मासा सोडलेला मला आठवत नाही. तुमचा तो कोळी परवडला मुद्दा खरं तर मामांचाच मुद्दा आहे, आणि खोल पाण्यापुरता आता माझाही.

राहता राहिली चव. तुम्ही समुद्राकाठचे, सुरमई-पापलेटावर वाढलेले, तुमच्याशी ह्यावर भांडून काय मिळणार. पण गोड्या पाण्याचा मासा चिखलट लागतो म्हणतात तसं गार, स्वच्छ तलावातल्या वॉलायचं होत नाही, पांढरं घट्ट मांस, काटा नीट निघतो, हळद-तिखट-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवायचं, रव्यात घोळवून तळायचं. क्रॅपीचे तुकडे पातळ असतात, आगळात ठेवायची गरज नाही, मोठ्या आचेवर दोन मिनिटं बास. इकडे कधी आलात तर या जेवायला, नावानिशी या म्हणजे झालं.

जुन्या पोस्टमधलं ‘प्रेमाने’ काढलेलं नाहीये, तसंच ठेवलंय, खाली तारीख टाकून दुरुस्ती लिहिलीय. गरुडाचा व्हिडिओही ठेवलाय, वर खरं काय झालं ते लिहून. शनिवारी पुन्हा जातोय, लव्हाळ्यातल्या क्रॅपी, चार फूट पाणी, मोजायचं काम धाकट्याकडे दिलंय, तो आठनंतर थेट दहा म्हणतो तेव्हा नऊच घरी येतील.