वाकळ पांघरलेला फ्रीझर

मे महिन्यात परभणीत दुपारी बारानंतर कुणी काम करताना दिसलाच, तर तो परगावचा पाहुणा समजावा. बाकी सगळं गाव कूलरसमोर आडवं झालेलं असतं. आमच्या घरात मात्र एकजण चोवीस तास राबत होता : मागच्या पत्र्याच्या खोलीतला डीप फ्रीझर. झोपताना घर्रर्र, उठल्यावर घर्रर्र. मधल्या वेळात लाईट गेली तरच काय ती त्याला सुट्टी.

घरात डीप फ्रीझर कशाला, असं लोक विचारतात. तो आईच्या धोरणाचा भाग आहे. पुण्यातली नातवंडं सुट्टीत येतात मे महिन्यात आणि हुरडा निघतो पौष-माघात. ही निसर्गाची चूक आई फ्रीझरनं दुरुस्त करते. खाली हुरडा, त्यावर तुरीचे सोलाणे, सगळ्यात वर केशर आंब्याच्या रसाच्या पिशव्या. शिवाय गल्लीतल्या दोन-चार घरांचं 'जरा ठेवा की' असतंच.

हिनं मागच्या प्लेटवरचे वॅट वाचले आणि कॅलेंडरच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. १२० वॅट, चोवीस तास अखंड, म्हणजे दिवसाला २.८८ युनिट, महिन्याला ८६ च्या वर. मधूनमधून बंद होऊन चालला असता तर याच्या बरंच कमी. तो आकडा तिनं मला दिवसभर ऐकवला, जणू फ्रीझरला सवय मीच लावली होती.

शेजारचे अण्णा आले, झाकणावर कान ठेवला आणि म्हणाले, "गॅस गेलाय. कामून इतका इचार करायलाव? गॅस भरून घ्या." आमच्याकडं थंड करणाऱ्या कुठल्याही यंत्राचा गॅसच जातो. आत रस इतका कडक झाला होता की पिशवी फरशीवर आपटली तर फरशी फुटावी. गॅस गेला असता तर आधी रस पातळ झाला असता, असं मी म्हणालो. अण्णांनी ते ऐकलं नाही. मग त्यांनी फ्रीझरच्या बाजूला हात लावला आणि चटकन काढला. "बॉडी तापायलीय! जळणार हे." वास्तविक अशा पेटीवजा फ्रीझरच्या बाजूच्या पत्र्याआडच नळ्या असतात. आतली उष्णता त्यांतूनच बाहेर टाकली जाते, तेव्हा बाजू तापणारच. हेही मी सांगितलं. हेही ऐकलं गेलं नाही.

पुण्याहून मेव्हण्यानं फोनवर निदान केलं : इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल, तो हळूहळू सतत चालतच असतो, काळजी नको. मुद्दा खरा होता, पण आमचा फ्रीझर त्या शोधाच्या आधीचा.

मग रबराची परीक्षा झाली. झाकणात नोट अडकवून ओढायची. अडकली तर रबर ठीक, सहज निसटली तर फटीतून गरम हवा आत जाते. अण्णांनी यासाठी माझ्याकडं पाचशेचीच नोट मागितली. दहाची का चालत नाही, याला त्यांच्याकडं शास्त्रीय उत्तर नव्हतं. नोट तीन कोपऱ्यांत घट्ट बसली, बिजागरीजवळच्या चौथ्यात अलगद सुटली. तिथं रबराच्या घडीत हुरड्याचं कूस वाळून चिकटलं होतं. हिनं कोमट पाण्याच्या फडक्यानं ते काढलं, रबर पुसून घेतलं, आणि नोट तिथंही अडकली. घर्रर्र चालूच.

शेवटी मिस्त्री आले. त्यांनी पिशवीतून पाना काढलाच नाही. दारात उभे राहून खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "साब, मशीन बिमार नै. उसकू गोधडी उढा के रखे तुम लोगां."

फ्रीझरवर दुहेरी वाकळ होती, थेट जमिनीपर्यंत. दोन्ही बाजूंना ज्वारीची पोती टेकलेली. ही सगळी व्यवस्था आईची. तिचं म्हणणं असं : "पूर्वी बर्फवाला बर्फ पोत्यात गुंडाळून आणायचा का नाही? कामून? इरघळू नये म्हणून. मग याला उघडं ठेवता व्हय, एवढ्या उन्हाळ्यात?" तर्कात खोट काढणं अवघड होतं. फक्त बर्फ स्वतः उष्णता बाहेर टाकत नाही आणि फ्रीझर टाकतो, एवढाच काय तो फरक.

वर थर्मोस्टॅटचं बटण सातवर. उन्हाळा म्हणून. "सात पे रखे तो बंद कब होना उनो?" मिस्त्रींनी ते चारवर आणलं. उणे १८ अंश पुष्कळ झाले. सातवर तो त्याहून खाली जायला धडपडतो आणि अशा उन्हात तिथं पोचतच नाही. मग त्यांनी प्लेटवरचं एक अक्षर दाखवलं, 'टी'. ही हवामानाची प्रतवारी. एन म्हणजे भोवतालच्या ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. (आमच्याकडची एसटी त्यापुढंही धावते, पण ती निराळी.) सकाळच्या पेपरात परभणीचा पारा ४३ च्या वर होता, आणि तोही सावलीतला. पत्र्याखालचा कुणी मोजत नाही.

तेव्हा फ्रीझर माजघरात आणायचं ठरलं. चौघांनी तो तिरपा करून उंबरा ओलांडला. दोन तास चालू नक्को करो, कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसू दे, असं बजावून मिस्त्री गेले. ते दोन तास आई झाकणावर हात ठेवून बसली होती. भिंतीपासून वीतभर जागा सोडली. वाकळीवर वाटाघाटी झाल्या आणि झाकणापुरता क्रोशाचा रुमाल मंजूर झाला. झाकणात नळ्या नसतात, त्यामुळं शास्त्राचीही हरकत नव्हती.

रात्री दीडच्या सुमारास 'टक' झालं आणि घर्रर्र थांबली. सगळं घर उठून बसलं.

"अरे, बंद पडला की रे!" आईनं झाकण उघडलं. एकेक पिशवी दाबून पाहिली, हिला टॉर्च धरायला लावली, उठलोच आहोत तर अण्णांचं सामान कुठलं आणि आपलं कुठलं तेही लावून घेतलं. झाकण उघडंच. जरा वेळानं घर्रर्र सुरू झाली.

"हं, आला बघ," असं म्हणून ती निवांत झोपली.