मत्थिया धरून बाराशे

आमच्या चर्चच्या हंगामाच्या सणाला मी बाराशे रुपये मोजून एक डांगर, म्हणजे लाल भोपळा, घेतलं. मंडईत तेवढ्यात हातगाडीभर आली असती आणि गाडीवाल्यानं वर कोथिंबिरीची काडी टाकली असती. दान म्हणून दिले असते तर तक्रार नव्हती. मंडळीला, म्हणजे चर्चला, पैसा लागतो, छप्पर गळतंय, हे मलाही दिसतं. पण मी ते देवाच्या आज्ञेवरून घेतलं, आणि ती आज्ञा मला झालेलीच नव्हती.

सणाच्या दिवशी उपासना संपली की आवारात लिलाव असतो. हुरड्याची कणसं, ऊस, डाळिंबं, शेंगा, एखादी गावरान कोंबडी, सगळं आधी वेदीपुढं ठेवायचं आणि मग बोली लावून घरी न्यायचं. एक अंडंसुद्धा शंभराला जातं, लोक हसतात, मजा असते. त्या दिवशी पाळकसाहेबांचा उपदेश शमुवेलावर झाला होता. देव हाक मारतो, पोरगं झोपेतून उठून म्हाताऱ्या एलीकडं पळतं, एली म्हणतो मी नाही हाक मारली, जा झोप. तीनदा असं झाल्यावर एलीच्या डोक्यात प्रकाश पडतो आणि तो शिकवतो, आता म्हण, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ उपदेश चांगला होता. फक्त वेळ चुकली. लिलावाच्या आधी तो करायला नको होता.

लिलाव पुकारायला आमचे काका. सगळी नोकरी रेल्वेत झाल्यामुळं त्यांना माईक दिला काय आणि न दिला काय. “डांगर! मावशींच्या वेलावरचं! सरकारी बोली शंभर!” कुणीतरी दीडशे म्हणालं. एका पंचांनी दोनशे केले. मी मागं उभा राहून शेंगा सोलत होतो. मामला तिथंच मिटणार होता, एवढ्यात खुद्द मावशी उठल्या.

“थांबा. हे डांगर कुणाच्या घरी जायचंय ते प्रभूनं मला पहाटे सांगितलंय.”

आवारात शांतता. उपदेशालाही एवढी नव्हती. मावशींचं बोट हळूहळू फिरत माझ्यावर येऊन थांबलं.

“मावशी, आमच्याकडं डांगर कुणी खात नाही.”

“खातील. प्रभू चव देतो.”

“पण मला काहीच नाही सांगितलं त्यानं.”

“कसं सांगणार? तू झोपलेला असतोस. मी साडेचारला गुडघ्यावर असते. तू कधी साडेचारला उठलायस?”

“उठतो की. पाणी यायच्या दिवशी.”

“त्या दिवशी मोटर लावतोस. मोटरच्या आवाजात काय ऐकू येणार?”

लोक हसले. माझी बायकोही हसली, हे मी नोंदवून ठेवलंय. आता इथं गप्प बसणारा माणूस दोनशेत सुटला असता, पण मला वाटलं मावशींना कोंडीत धरावं. मी विचारलं, “कितीला घ्यायचं तेही सांगितलं असेल ना प्रभूनं?”

“अकराशे.” पापणी लवली नाही.

“अकराशेच का?”

“येशूचे प्रेषित बारा. दगा देणारा यहूदा गेला. राहिले किती?”

याला उत्तर नाही. धर्मशास्त्र शिकलेल्यालाही पटकन सुचणार नाही. मी सुटकेसाठी काकांकडं बघितलं. काका विचारात पडले होते. मग त्यांनी बोट वर केलं. “मावशी, नंतर त्याच्या जागी मत्थियाला घेतलं की. प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय. परत बारा झाले.”

मावशींनी क्षणभर डोळे मिटले. वर चौकशी केली असावी. “बरोबर आहे,” म्हणाल्या.

“मत्थिया धरून बाराशे! बाराशे एक वार, बाराशे दोन वार...”

मत्थियाला चिठ्ठ्या टाकून निवडलं होतं, माझ्याकडं बोट दाखवून नाही, हे मला स्कूटरवर डांगर दोन पायांत धरून घरी जाताना आठवलं. वेळेवर काही आठवत नाही.

बरं, हे एकदाचं नाही. मावशींना प्रभू ओझं देतो आणि ते उचलायला मी लागतो. नाताळात गाणाऱ्यांसाठी कोणाची गाडी न्यायची, दुपारच्या उन्हात सतरंज्या कोणी झटकायच्या, सगळ्याचं मार्गदर्शन त्यांना होतं आणि त्यात नाव माझं निघतं. देव माझ्याबद्दल सगळ्यांशी बोलतो, मला सोडून. शमुवेलाला देवाची हाक एलीची वाटली होती. आमच्याकडं एलीनं हाक मारली की ती देवाची समजायची. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला लिहिलंय की त्या दिवसांत परमेश्वराचं वचन दुर्मीळ झालं होतं. सोलापुरात दुर्मीळ आहे ते पाणी. उजनी काठोकाठ असली तरी चार-पाच दिवसांनी एकदा येतं. वचन मात्र रोज, तेही पूर्ण दाबानं.

आणि खरेदीविक्रीची पद्धतही बायबलात ठरलेली आहे. यिर्मया संदेष्ट्यानं अनाथोथचं शेत 17 शेकेल चांदी देऊन घेतलं. तेव्हा देवानं आधी यिर्मयाला सांगितलं, तुझा चुलतभाऊ हनामेल शेत विकायला येईल. मग हनामेल आला. म्हणजे निरोप आधी गिऱ्हाइकाला, विकणाऱ्याला नाही. इथं उलटं झालं.

टिळकांच्या गोष्टीनं मात्र माझी पंचाईत होते. कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एक अनोळखी साहेब भेटला. त्यानं नवा करार हातात ठेवला आणि सांगितलं, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांच्या मनात तेव्हा तसं काही नव्हतं, आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे दुसऱ्याबद्दलचं तिसऱ्यालाच कळतं, असं होतं कधीकधी. मावशींना ही गोष्ट पाठ आहे. पण त्या साहेबानं पुस्तक फुकट दिलं होतं.

म्हणून मीही ऐकायचा प्रयत्न केला. पहाटे उठून, शांत बसून. आमच्या गल्लीच्या तोंडाला यंत्रमाग आहेत, ते रात्रभर खटखटतात. एलीया संदेष्ट्याला डोंगरावर देव वाऱ्यात सापडला नाही, भूकंपात नाही, अग्नीतही नाही, नंतरच्या शांत, मंद वाणीत सापडला. यंत्रमागाबद्दल तिथं काही लिहिलेलं नाही. शिवाय ती वाणी ऐकू आल्यावर एलीयाला तिनं विचारलं काय? एलीया, तू इथं काय करत आहेस? हे तर मला सोलापुरात कोणीही विचारतं, “हितं काय करूलालास बे?” त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही.

डांगराचं सोडून देऊ. त्याचे घारगे झाले, सांबार झालं, शेजारी वाटलं. राग वेगळ्याचाच आहे. ‘प्रभूनं सांगितलंय’ म्हटलं की पुढं बोलायची सोयच राहत नाही. पंचांच्या बैठकीत हिशेब मागितला की कोणीतरी म्हणतं, आम्ही प्रार्थना केलीय. मंडळीतल्या एका पोरीला नर्सिंगला मिरजेला जायचं होतं. मार्क होते, फॉर्म भरला होता. घरातल्या थोरल्यांना प्रार्थनेत ‘शांती मिळाली नाही’. पोरीला मिळाली होती का, हे कुणी विचारलं नाही. ती आता घरी आहे, लग्नाची बोलणी चाललीत, आणि त्याबद्दल सगळ्यांना भरपूर शांती आहे.

राजांच्या पहिल्या पुस्तकात तेराव्या अध्यायात एक गोष्ट आहे, तिच्यावर आमच्याकडं कधी उपदेश होत नाही. यहूदा देशातून एक देवाचा माणूस बेथेल गावी येतो. देवानं त्याला सांगितलेलं असतं, इथं जेवू नको, पाणी पिऊ नको, आल्या वाटेनं परत जाऊ नको. तो निघालेला असतो, तर एक म्हातारा संदेष्टा त्याला गाठतो. म्हणतो, देवदूतानं मला सांगितलंय, तुला घरी जेवायला घेऊन जा. हे खोटं असतं. पण हा बिचारा वयाचा मान ठेवतो, जातो, जेवतो. परतीच्या वाटेवर सिंह त्याला मारतो. खोटं बोलणाऱ्याला नाही, ऐकणाऱ्याला! म्हातारा सुखरूप. वर तो प्रेत आणून आपल्याच कबरेत पुरतो आणि छाती बडवून रडतो. ही गोष्ट वाचली की मला आमची पंचकमिटी दिसते.

तर परवा ठरवलं, आपणही एकदा बोलून बघावं. उपासनेनंतर मावशी दारात सगळ्यांना सलाम करत उभ्या होत्या. मी गेलो, आवाज जरा खाली आणला.

“मावशी, सलाम. प्रभूनं मला आज पहाटे सांगितलं, पुढच्या रविवारचं प्रीतिभोजन तुमच्याकडं आहे.”

मावशींनी चष्मा सारखा केला. “पारख करावी लागते बाळा. सगळ्याची पारख करा असं पौलानं थेस्सलनीकाच्या लोकांना लिहिलंय. असं कुणीही म्हणेल.”

“पारख करा की.”

“किती वाजता सांगितलं?”

“पाच वाजता.”

“पाचला पाणी आलं होतं. तुझी मोटर चालू होती, आणि माझ्या नळाला थेंब नव्हता.”