मेसिंग, स्टालिन आणि तो कोरा कागद

वुल्फ मेसिंगचा मजकूर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या महिन्यात दुसऱ्यांदा आला. काका मनापासून पाठवतात, म्हणून तिथे गप्प बसलो, इथे लिहितो. मजकूर थोडक्यात असा: पोलंडमधला हा मनकवडा इतका सिद्ध की आइनस्टाइन-फ्रॉइडने त्याची परीक्षा घेतली, गांधीजींनी घेतली, हिटलरने त्याच्या डोक्यावर दोन लाख मार्कांचं बक्षीस लावलं आणि स्टालिनच्या सांगण्यावरून त्याने नुसता कोरा कागद दाखवून बँकेतून एक लाख रूबल उचलून आणले.

आधी उगम बघू. हे किस्से १९६५ साली एका सोव्हिएत मासिकात आलेल्या मेसिंगच्याच आत्मकथनातले. शब्दांकन मिखाईल ख्वास्तुनोव या पत्रकाराचं. तोवर वरच्या पाचांपैकी एकही हयात नव्हता. साक्षीदार निवडावेत तर असे!

आइनस्टाइनचा किस्सा १९१५ चा, व्हिएन्नातल्या त्याच्या घरचा. फ्रॉइडने मनातल्या मनात हुकूम सोडला आणि सोळा वर्षांच्या मेसिंगने चिमट्याने आइनस्टाइनच्या मिशीचे तीन केस उपटले म्हणे. पण आइनस्टाइनचं बिऱ्हाड १९१४ पासूनच बर्लिनला होतं. सापेक्षतेची समीकरणं त्याने १९१५ च्या नोव्हेंबरात मांडली तीही तिथेच. फ्रॉइडशी त्याची पहिली भेट झाली १९२७ च्या नववर्षाच्या सुमारास. बर्लिनमध्येच.

गांधीजींची भेट १९२७ ची. त्या वर्षी मार्चअखेर कोल्हापूरच्या दौऱ्यात त्यांची प्रकृती ढासळली, विश्रांतीसाठी आधी आंबोली, मग नंदी हिल्स. त्यांच्या हिंडण्याफिरण्याची, आजारपणाची इतकी बारीक नोंद आहे. त्यांच्यासमोर झाला म्हणे त्या बासरी आणि सापाच्या खेळाला मात्र आधार एकच, मेसिंगचा शब्द.

हिटलरच्या बक्षिसाचा कुठलाही जर्मन कागद पुढे आलेला नाही. स्टालिनच्या क्रेमलिनमधल्या कचेरीत कोण कधी आलं याची वही ठेवली जाई आणि ती आता छापूनही आली आहे. तीत मेसिंगचं नाव नाही. बँकेची गोष्ट तर ऐकूनच हसू येतं: स्टालिनच्या राजवटीत लाखभर रूबल कोऱ्या कागदावर देणारा कॅशियर संध्याकाळपर्यंत घरी पोचला असता का?

मग माणूस खोटा होता का? गोष्टी खोट्या, हात खरा. युद्ध सुरू झाल्यावर १९३९ मध्ये तो जीव वाचवून सोव्हिएत हद्दीत आला आणि पुढची तीन दशकं गावोगाव प्रयोग करत राहिला. प्रेक्षक काम चिठ्ठीवर लिहून पंचांकडे देत: अमुक रांगेतल्या बाईंच्या पर्समधला कंगवा काढा, वगैरे. लिहिणाऱ्याने ते मनात घोळवायचं, मेसिंग त्याचं मनगट धरून धावत सुटायचा. आपण ज्या दिशेचा विचार करतो तिकडे हात नकळत सैल सुटतो, उलट वळलं की अडतो. कार्पेंटर या इंग्रज वैद्याने १८५२ मध्येच अशा नकळत हालचालींना नाव दिलं होतं, आणि १८८० च्या दशकात बिशप आणि कंबरलँड हे मंचावरचे 'मनकवडे' त्यावर थिएटरं भरवत होते.

दिवाळीत मी करून पाहिलं. भाचीने आजीचा अडकित्ता लपवला. मनगट धरून निघालो. स्वयंपाकघराच्या दाराशी तिचा हात जडावला, देव्हाऱ्याकडे वळल्यावर हलका झाला. समईच्या मागे सापडला! त्याआधी तीनदा साफ फसलो होतो, तेही सांगतो. मेसिंग हे भरल्या सभागृहात, अनोळखी मनगटावर, साठी उलटल्यावरही करत असे. कार्यक्रमाचं नाव होतं 'मानसशास्त्रीय प्रयोग', आणि यात अलौकिक काही नाही हे सुरुवातीलाच मंचावरून सांगितलं जाई.

काका, कागदाचं राहू द्या. पुढच्या वेळी आलात की अडकित्ता तुम्ही लपवा.