मोहोर बघून पेट्या मोजू नयेत

क्रिकेट बघणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही. भारताचा फुटबॉल संघ बघणाऱ्याला मात्र तिठ्यावरच्या हॉटेलात एक कप चहा संपेपर्यंत दोनदा जबाब द्यावा लागतो. "कित्याक बगतंस रे ह्या? तुका दुसरा काय काम नाय?" हा पहिला प्रश्न. "काल किती गोल खाल्ल्यानी?" हा दुसरा. तिसरा प्रश्न नसतो, नुसतं हसू असतं, आणि ते भज्यांची बशी रिकामी होईपर्यंत टिकतं.

असे जबाब देणाऱ्यांपैकी मी एक. आमची संख्या साधारण वाडीमागे एक, मोठ्या वाडीत दीड. यातला अर्धा म्हणजे मेस्सीची दहा नंबरची जर्सी घालून आपला सामना बघणारा. संघ हरल्याचा त्रास नव्वद मिनिटं आणि वरची पाच-सात एवढाच असतो. लोकांचा त्रास पुढच्या सामन्यापर्यंत पुरतो. तेव्हा अभ्यास करायचा तो लोकांसाठी.

सुरुवात रँकिंगपासून करावी, कारण हल्ला तिथूनच होतो. २०२५ च्या नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडून ०-१ हरलो आणि फिफाच्या यादीत १४२ वर उतरलो. १९९६ च्या फेब्रुवारीत ९४ वर होतो, २०१५ च्या मार्चमध्ये १७३ वर, २०२३ च्या जुलैत ९९ वर. लोकांना वाटतं वर कोणीतरी मास्तर बसलाय आणि तो आपल्याला मागच्या बाकावर पाठवतो. तसं नाही, २०१८ पासून त्याचं गणित ठरलेलं आहे. ठरलेल्या तारखांबाहेरच्या मैत्रीच्या सामन्याचं वजन ५, तारखांतल्या मैत्रीच्या सामन्याचं १०, पात्रता फेरीचं २५. समजा, समोरच्या संघाचे गुण आपल्यापेक्षा २०० नी कमी आहेत. पात्रता सामन्यात त्याला हरवलं तर आपल्याला मिळतात आठाच्या आसपास. बरोबरी झाली तर साडेचार जातात. हरलो तर सतरा. म्हणजे दोन विजयांची कमाई एका संध्याकाळी साफ. ज्यानं भातशेतीचा हिशेब ठेवलाय त्याला हे फोडून सांगावं लागत नाही. पेनल्टींवर जिंकलं तर फिफावाले पाऊण विजय धरतात. २०२५ च्या सप्टेंबरात ताजिकिस्तानातल्या हिसोरला आपण ओमानला असंच पेनल्टींवर हरवून मध्य आशियाच्या स्पर्धेत तिसरे आलो, तेव्हा आनंदही पाऊणच करावा असा नियम आहे. आम्ही सव्वा केला.

हापूसवाल्याचं मन असल्याशिवाय हे जमत नाही. २०२३ साली मोहोर असा आला होता की पान दिसत नव्हतं. इंटरकॉन्टिनेंटल कपच्या अंतिम सामन्यात लेबनॉनला २-० हरवलं, बंगळुरूला कुवेतला पेनल्टींवर हरवून दक्षिण आशियाचा सॅफ कप घेतला, नोव्हेंबरात कुवेतच्या घरी जाऊन १-० जिंकलो. वाडीत दोघे-तिघे नवीन पाठीराखे तयार झाले. मग जानेवारीत ढग आले. कतारमधल्या आशियाई कपात ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. तीन सामने, आपला गोल एकही नाही. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून १-२, म्हणजे उरलीसुरली कणीही गळाली. नवीन पाठीराखे तुडतुड्यांसारखे उडून गेले. बागायतदार मोहोर बघून पेट्या मोजत नाही आणि फळगळ झाली म्हणून कलमही तोडत नाही. तो फवारणीच्या बिलाला शिव्या घालतो आणि पुन्हा पंपात पाणी भरतो.

गोल का होत नाहीत, हे मात्र नीट समजून घ्यावं. इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आपल्या क्लबांच्या मोठ्या स्पर्धेत, एका वेळी मैदानावर चार परदेशी खेळाडू चालतात. क्लबवाले काही हे चार जण राखणीला आणत नाहीत. बहुतेकांचा मधला स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा, परदेशी असतो. आपला पोरगा मोसमभर बाजूच्या पट्टीवरून धावतो आणि मध्ये उभ्या परदेशी पाहुण्याला चेंडू पुरवतो. देशाच्या शिबिरात आला की त्याला सांगतात, बाबा, आता मध्ये तू. दशावतारात वर्षभर पेटी वाजवणाऱ्याला आयत्या वेळी राजपार्ट दिल्यासारखं हे आहे. भाषण पाठ असतं, तलवार कुठल्या हातात धरायची ते आठवत नाही. म्हणून तर २०२४ च्या ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी ०-० करून निवृत्त झालेल्या आपल्या जुन्या स्ट्रायकरला, सुनील छेत्रीला, पुढच्याच मार्चमध्ये, चाळिशीत, परत बोलावावं लागलं. आला, आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध डोक्यानं गोल करून गेला. ही अभिमानाची गोष्ट की शरमेची, यावर मी दोन्ही बाजूंनी भांडू शकतो. समोर कोण आहे त्यावर बाजू ठरते.

"एकशेचाळीस कोटीत अकरा गावणत नाय?" हे वाक्य प्रत्येकाला आपणच पहिल्यांदा सुचलंय असं वाटतं. त्यात २०२५ च्या नोव्हेंबरात कुरासाव वर्ल्डकपला पात्र ठरलं. त्यांची लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी वर. आपल्या सिंधुदुर्गाची २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाख, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा पाचवा हिस्साही नाही! त्या आठवड्यात मी हॉटेलात गेलो नाही. उत्तर आहे, पण लांब आहे: कुरासावचे जवळजवळ सगळे खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले आणि तिथेच घडले. गोल करणारा पाय लोकसंख्येतून येत नाही, पोरगा सात-आठ वर्षांचा असल्यापासून हाताशी प्रशिक्षक आणि सपाट मैदान लागतं. आमच्याकडे पाऊस आहे तोवर मळ्यात भात, भात कापलं की नोव्हेंबरात त्याच मळ्यात खेळपट्टी, आणि मे संपेपर्यंत अंडरआर्मचे सामने. फुटबॉलच्या वाट्याला शाळेचं पटांगण येतं, तेही जुलैत, गुडघाभर चिखलासकट. चिखलात पास देता येत नाही, नुसता लाथाडता येतो. पुढे पंचवीस वर्षांनी टीव्हीवर आपण तेच बघत असतो.

म्हाताऱ्या मंडळींचा मुद्दा वेगळा. "अनवाणी खेळत, म्हणून १९५० च्या वर्ल्डकपाक सोडूक नाय." आबांना दुखवू नये, पण ही गजाल खरी नाही. इतर संघांनी माघार घेतल्यामुळे जागा मिळाली होती, आणि जायचं नाही हे आपल्याच महासंघानं ठरवलं. त्यांना तेव्हा ऑलिंपिक मोठं वाटत होतं. अनवाणी खेळलो ते १९४८ ला लंडनमध्ये. फ्रान्सकडून १-२ हरलो आणि त्या सामन्यात दोन पेनल्टी वाया घालवल्या. पेनल्टी चुकवण्याची परंपरा बुटांच्या आधीची आहे, एवढं आबांना सांगितलं की ते खूष होतात. मग १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं निघतात, १९५६ ला मेलबर्नमध्ये नेव्हिल डिसोझानं यजमान ऑस्ट्रेलियाला घातलेले तीन गोल निघतात, आणि दुसरा चहा आबाच सांगतात.

सामना बघण्याची व्यवस्था हा स्वतंत्र विषय आहे. जूनचा सामना पहिल्या पावसात येतो, त्यामुळे लाईट जाणार हे धरूनच चालावं. टीव्ही, राउटर आणि एक पंखा मिळून दीडशे-पावणेदोनशे वॅट. दीडशे एएचची बरी बॅटरी एवढ्यावर पाच-सहा तास सहज ओढते. घात होतो दुसरीकडे: घरातला इन्व्हर्टर चालू असतो, पण इंटरनेटची वायर जिथून येते तिथला बॅकअप तासाभरात मान टाकतो, म्हणजे नेमका उत्तरार्धात. अशा वेळी छत्री, टॉर्च आणि चार्ज केलेला मोबाईल घेऊन सड्यावर जावं, तिथे रेंज असते. रोजच्या दीड जीबीत सामना बसवायचा तर चित्र ३६० वर ठेवावं. चेंडू दिसत नाही, पण खेळाडूंची तोंडं कुठे आहेत त्यावरून कळतं. आपल्या गोलकीपरकडे असली तर सगळं नेहमीसारखं चाललंय. व्हॉट्सॲपचे ग्रुप आधीच म्यूट करावेत, कारण मोबाईलवरचा खेळ मिनिटभर मागे असतो आणि मुंबईचा भाचा मिनिटभर पुढे.

गणपतीत सामना आला तर मात्र कसोटी. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टची आणि ताजिकिस्तानशी सामना २९ ला, रात्री, ऐन भजनाच्या वेळी. अशा रात्री झांजवाल्याच्या मागे बसावं. गजर चढला की सगळ्यांचे डोळे मिटतात, तेवढ्यात स्कोअर बघून घ्यावा. त्या रात्री २-१ जिंकलो. कोणी "बाप्पा मोरया" जरा जास्तच जोरात म्हणालं तर भक्ती समजतात.

नव्वद मिनिटांनंतरचा खेळ बघायचा की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. २०१९ च्या आशियाई कपात पुढच्या फेरीला बहारीनशी बरोबरी पुरली असती, ९१ व्या मिनिटाला पेनल्टी दिली. २०२५ च्या जूनमध्ये हाँगकाँगला पुन्हा तेच, जादा वेळेत पेनल्टी, ०-१. काही जण त्या वेळी उठून बाहेर कुत्र्याला भात घालायला जातात. मी बसतो, पण आवाज बंद करून.

मैदानात जायचं तर आम्हाला मडगावचं फातोर्डा जवळ. रेल्वेनं जाता येतं, परतता येत नाही. कोकणकन्या संध्याकाळीच निघून जाते आणि सामना तेव्हा कुठे सुरू होत असतो. म्हणून गाडी करावी, पाच जण, सावंतवाडी-बांदा-पत्रादेवी, अडीच तास धरावेत. नाणी आणि पाण्याच्या बाटल्या गाडीतच ठेवाव्यात, फाटकावर काढून घेतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला सिंगापूरविरुद्ध तिथे १४ व्या मिनिटाला आपल्या छांगटेनं लांबून असा गोल मारला की परतीचं भाडं वसूल झालं. मग त्यांच्या साँग उइ-याँगनं दोन मारले आणि २०२७ चा आशियाई कप गेला. गोंयकार कोंकणीतून शिव्या घालतो, त्या मालवणी माणसाला जशाच्या तशा समजतात, हा फातोर्ड्याचा जादा फायदा. पण एक बघून ठेवावं: शिव्या घालणारा उठून जात नाही.

२०१८ च्या जूनमध्ये अंधेरीला चिनी तैपेईला ५-० हरवताना मैदानात अडीच हजारांच्या आसपास माणसं होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं हात जोडून सांगितलं, शिव्या घाला, टीका करा, पण मैदानात येऊन करा. केनियाविरुद्ध मैदान भरलं. मला यातलं पहिलं अर्धं तितकंच महत्त्वाचं वाटतं. पाठीराखा म्हणजे तोंड शिवून बसलेला नव्हे. २०२५ च्या जुलैत लीगच लटकली, मोसम कधी ते खेळाडूंना ठाऊक नव्हतं, आणि तशात ऑक्टोबरात सिंगापूरशी गाठ. यावर मी तिठ्यावरच्या कोणापेक्षाही जास्त बोलतो. आणि त्याच जुलैत आपल्या मुलींनी चियांग माईला थायलंडला २-१ हरवून पहिल्यांदाच पात्रता फेरीतून आशियाई कप गाठला, हे हुकुमाचं पान शेवटी टाकतो. समोरचा म्हणतो, "मुलींचो पण संघ आसा?" मग त्यालाच चहाचे पैसे द्यायला लावावेत.

पुढच्या सामन्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात पेन्सिलीनं लिहावी, मैत्रीचे सामने रद्द होतात. आदल्या दिवशी बॅटरीचं पाणी बघावं. खळ्यात खुर्च्या चार मांडाव्यात: एक आपली, तीन ज्यांना या संघात काडीचा रस नाही त्यांच्या. ते दहा मिनिटं आधीच येतात, कारण खांबाआडची खुर्ची कोणालाच नको असते.